काळी टाकी, हिरवी बाटली

एक कोडं घालते. दादरहून परळकडे जाणाऱ्या लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली (मिळाली तर, असं म्हणते आहे, सकाळी नऊ वाजता प्रयत्न करू नका), तर रुळांच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींचे माथे बघत जा. चाळीच्या पत्र्यांवर, जुन्या इमारतींच्या गच्च्यांवर, जिन्याच्या टोपीवर, जिथे बघाल तिथे पाण्याच्या टाक्या. आणि त्यातल्या कितीतरी काळ्या कुळकुळीत! आता मुंबईचं ऊन कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. काळा रंग ऊन पितो हेही माहीत आहे. मे महिन्यात दुपारी नळ सोडला की हात मागे घ्यावा लागतो, इतकं पाणी तापलेलं असतं. मग माणसं मुद्दाम काळी टाकी का बसवतात?

उत्तर लगेच देणार नाही. आधी खिडकीकडे चला.

मुंबईत बाग करायची म्हणजे जागेशी मारामारी. गिरगावात गॅलरीचा कठडा, लालबागला खिडकीबाहेर काढलेली लोखंडी जाळी, दादरला फार तर गच्चीचा एक कोपरा, तोही सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडून मिळवलेला. पण हौस बघा! त्या जाळीवर पारदर्शक पत्रा टाकायचा, बाजूंना हिरवी शेडनेट बांधायची, आत कोथिंबिरीचे ट्रे, पुदिना, दोन नेचे, कुणीतरी वाढदिवसाला दिलेलं ऑर्किड आणि काचेच्या बाटलीत मनीप्लांट. झालं घरचं हरितगृह. ज्यांना एवढीही जागा नाही ते बरणीतच बाग करतात. तळाला खडे, त्यावर थोडा कोळसा, मग माती, एक चिमुकला नेचा आणि वरून झाकण.

बरणीतल्या बागेची ही युक्ती सापडली लंडनच्या नथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरांना. साधारण १८२९ सालची गोष्ट. डॉक्टरांना कोषातून पतंग बाहेर येताना बघायचा होता. म्हणून त्यांनी कोष एका बाटलीत ओलसर मातीत ठेवला आणि बाटली बंद करून टाकली. पतंग राहिला बाजूला, त्या मातीतून एक नेचा आणि गवताचं पातं उगवलं! बाहेर लंडनच्या काजळीने भरलेल्या हवेत डॉक्टरांचे नेचे धड जगत नव्हते आणि बंद बाटलीत हा पठ्ठ्या मजेत वाढत होता. मग त्यांनी काचेच्या मोठ्या पेट्या बनवल्या. १८३३ साली अशा पेट्यांत घालून रोपं जहाजाने थेट ऑस्ट्रेलियाला धाडली, तर ती जिवंत पोचली. पुढे चीनमधून चहाची हजारो रोपं भारतात आली, तीही वॉर्डच्या पेट्यांमधूनच.

पण डॉक्टरांच्या पेटीत काय आणि आपल्या खिडकीत काय, जी ऊब, जी ओल, जो उजेड नेच्याला आवडतो, तोच आणखी एकाला भारी आवडतो. पहिल्या आठवड्यात काहीच दिसत नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. मग एके दिवशी मनीप्लांटचं पाणी पोपटी झालेलं असतं, बरणीच्या काचेला आतून हिरवी साय धरलेली असते, आणि कोथिंबिरीच्या ट्रेमधली माती वरून हिरवीगार, पण कोथिंबिरीने नव्हे! आजी म्हणते, "शेवाळलं सगळं."

हे शेवाळ आलं कुठून? आपण तर पेरलं नव्हतं. ते हवेतून येतं, मातीतून येतं, जुन्या कुंडीच्या बुडाला चिकटून येतं, माशीच्या पायाला लागून येतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्याने बरेचसे सूक्ष्मजीव मरतात. पण उघड्या बाटलीतून क्लोरीन एक-दोन दिवसांत उडून जातं आणि मैदान मोकळं होतं. बाटलीतलं पाणी हिरवं करणारी शेवाळं बहुतेक एकपेशीय. त्यातलं क्लोरेला हे नाव लक्षात ठेवा. गोल, हिरवं आणि इतकं बारीक, की एक मिलिमीटरच्या रांगेत शे-दीडशे आरामात उभे राहतील.

आणि ते अचानक का दिसतं, त्याचं गणित करून बघू. समजा, आज बाटलीत एकच पेशी आहे आणि दिवसाला एकीच्या दोन होतात. दहा दिवसांनी किती? १,०२४. एवढ्यांनी पाणी हिरवं होत नाही, तुम्हाला काहीच कळत नाही. वीस दिवसांनी? १० लाख ४८ हजार ५७६! खऱ्या बाटलीत खत संपतं, गर्दी होते, म्हणून गणित इतकं नेटकं चालत नाही. पण "काल तर पाणी स्वच्छ होतं" असं आपण का म्हणतो, ते यातून कळतं. काल स्वच्छ नव्हतं. काल निम्मं हिरवं होतं, परवा त्याच्या निम्मं.

खरं सांगायचं तर पावसाळ्यात मुंबईला वेगळ्या हरितगृहाची गरजच नसते. कुलाब्याच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस मोजला जातो. तो सगळा जागच्या जागी साठला असता, तर चांगला उंच माणूस बुडाला असता. हवा दमट, थंडी नाही, ऊन ढगाआडून गाळून आलेलं. अख्खं शहरच शेवाळाची खोली होऊन जातं. चाळीतल्या मोरीपासून जिन्यापर्यंत फरशी बुळबुळीत होते आणि कुणीतरी ब्लीचिंग पावडर टाकून जातं.

या दिवसांत एक भिंग खिशात ठेवून फिरा. भिंतीवरची हिरवी मखमल भिंगाखाली धरा. इवली इवली पानं दिसली तर ते मॉस, म्हणजे शेवाळाहून पुढारलेली वनस्पती. पानं-बिनं काही नाही, नुसताच हिरवा लेप, तर तो आपला पाहुणा. आता इमारतींच्या बाहेरच्या भिंतींवर ओघळलेले काळे पट्टे बघा. मोठी माणसं म्हणतील, धूर आहे, धूळ आहे. असेलही थोडी. पण त्या काळ्यात बराच वाटा नील-हरित शेवाळांचा असतो. स्कायटोनेमा नावाचं एक शेवाळ कडक उन्हात भाजू नये म्हणून अंगावर तपकिरी रंगद्रव्य चढवतं. स्वतःचं सनस्क्रीन स्वतःच बनवतं! जुन्या झाडांच्या खोडांवर आणि ओल्या भिंतींवर कधी केशरी मखमल दिसते ना? ट्रेंटेपोलिया तिचं नाव. वंशाने हिरवं शेवाळच, पण गाजरात असतो त्या जातीचा रंग अंगात इतका, की हिरवा झाकूनच जातो.

यातल्या काहींना उन्हाळा म्हणजे नुसती झोप. वाळून पापडी झाली तरी मरत नाहीत. पाणी मिळालं की उठून बसतात. नॉस्टॉक नावाचं एक नील-हरित शेवाळ कुणीतरी वाळवून संग्रहात ठेवलं होतं. ८७ वर्षांनी त्याला पाणी मिळालं आणि ते पुन्हा वाढू लागलं. १९४१ साली ही हकिकत छापून आली. तेव्हा "मे महिन्यात ट्रे उन्हात वाळवला, आता शेवाळ गेलं" असं कुणी म्हणालं, तर गालातल्या गालात हसा.

मग याला आवरायचं कसं?

शेवाळाला काय काय लागतं ते आधी बघू. उजेड, पाणी, थोडं खत. आता आली का पंचाईत? कोथिंबिरीलाही नेमकं हेच लागतं! उजेड बंद केला तर कोथिंबीर पिवळी पडेल, पाणी बंद केलं तर माना टाकेल. शेवाळ उपाशी मारायला जावं तर आपलं रोप त्याच्या आधी मरतं. भलेभले माळी इथे अडतात आणि मग औषधाची बाटली शोधायला लागतात.

पण थांबा. रोपाकडे नीट बघा. रोपाने कामं वाटून दिलेली असतात. पाणी प्यायचं काम मुळांचं. ती मातीच्या अंधारात असतात आणि तिथे त्यांना बरं वाटतं. उजेड पकडायचं काम पानांचं. पानं कोरडी असली तरी त्यांचं काही बिघडत नाही, उलट कोरडी असलेलीच बरी. मधे देठ आणि खोड, इकडचं तिकडे पोचवायला. शेवाळाच्या त्या एका पेशीला ना मूळ, ना पान, ना खोड. ती जिथे आहे तिथेच तिला उजेड हवा आणि तिथेच पाणीही हवं. दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच वेळी!

सापडली की नाही खोच? पाणी ठेवायचं अंधारात, उजेड पाडायचा कोरड्यावर. रोपाचं काही अडणार नाही आणि शेवाळाचं मात्र सगळंच अडेल. घरच्या हरितगृहात शेवाळ आवरायच्या जेवढ्या चांगल्या युक्त्या आहेत, त्या बहुतेक या एकाच गोष्टीतून निघतात. पुस्तकात त्या दहा-बारा वेगवेगळ्या म्हणून छापलेल्या असतात, पाठ करायला. पाठ कशाला करायच्या?

करूनच बघा. तीन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. तिन्हींत सारखं पाणी भरा. कुणाकडे तरी जुन्या मनीप्लांटचं हिरवं झालेलं पाणी असतंच. त्यातलं एकेक चमचा तिन्हींत घाला, म्हणजे शर्यत एकाच रेषेवरून सुरू होईल. प्रत्येकीत मनीप्लांटचा एकेक तुकडा लावा. पहिली बाटली काही न गुंडाळता तशीच ठेवा. दुसरीला बाहेरून जाड काळा कागद गुंडाळा, पानं मात्र बाहेर हवीत. कागदाला एका बाजूला बारीक दार कापा, म्हणजे डोकावता येईल, पण बघून झाल्यावर ते बंद करा हं. तिसरीला हिरवा जिलेटीन कागद लावा. आता हिरवा का? शेवाळ हिरवं दिसतं, कारण तांबड्या-निळ्या उजेडापेक्षा हिरवा उजेड ते कमी वापरतं आणि बराचसा परत फेकतं. मग त्याला बहुतेक हिरवाच उजेड मिळाला तर त्याची वाढ मंदावेल, की त्यावरही ते भागवून घेईल? तुम्ही आधी अंदाज वहीत लिहा आणि मग बाटलीला विचारा. तिन्ही बाटल्या एकाच खिडकीत, शेजारी शेजारी ठेवायच्या.

एक गोष्ट मात्र विसरायची नाही. तिन्ही बाटल्यांच्या तोंडाशी कापसाचा बोळा घट्ट बसवा. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून तर पावसाळ्यात महापालिकेचे लोक घरी येऊन मनीप्लांटच्या बाटल्या आणि कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतात. प्रयोगाच्या बाटल्या सोडून बाकी सगळ्यांचं पाणी दर आठवड्याला ओतून टाका आणि बाटली आतून घासा. डासही जातो, शेवाळही खरवडलं जातं.

बाटलीला काळा कागद ही युक्ती तुम्हाला पोरकट वाटली असेल, तर मलबार हिलला चला. हँगिंग गार्डन तुम्ही पाहिलेलं असेल. समोरच्या कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट आहे, म्हणजे पाहिलेलं असणारच. हँगिंग गार्डनमध्ये झुडपं कापून केलेले प्राणी आहेत, फुलांचे ताटवे आहेत. पण खरी गंमत दिसतच नाही. तुम्ही धावता त्या हिरवळीखाली पिण्याच्या पाण्याचा प्रचंड जलाशय आहे, ब्रिटिशांच्या काळातला, जवळपास १५ कोटी लिटरचा! गिरगाव, ग्रँट रोड, ताडदेव अशा कितीतरी भागांना तिथून पाणी मिळतं. पाणी झाकलं ते त्यात वरून घाण पडू नये म्हणून. झाकणावर माती टाकून १८८१च्या सुमारास बाग केली. आता आपल्या हिशेबाने बघा. वर उजेड आणि त्यात झाडांची पानं. खाली पाणी आणि मिट्ट काळोख. शेवाळाला उभं राहायला जागाच नाही. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे, त्याच्याही पोटात असाच जलाशय आहे.

नळ येण्याआधी मुंबई पाणी प्यायची ती विहिरींचं आणि उघड्या तलावांचं. तुम्ही सी. पी. टँकला बस पकडता, पण तिथे टँक कुठे दिसतो? कावसजी पटेल यांनी बांधलेला तलाव होता तो. गोवालिया टँक हाही तलाव, धोबी तलाव हाही तलाव. उघडं पाणी, वर रणरणतं ऊन, कडेला धुणी आणि गुरं. ते पाणी कसं दिसत असेल ते सांगायला नको. १८६० साली विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं, मग १८७९ मध्ये तुळशीचं, १८९२ मध्ये तानशाचं. जुने तलाव मागे पडले आणि पुढे बुजवले गेले. त्यांच्यावर आणि विहिरींवर गदा आली ती मुख्यतः शेवाळामुळे नव्हे, तर मलेरियाच्या डासांमुळे. डॉक्टर बेंटली यांनी १९११ साली मुंबईच्या मलेरियावर मोठा अहवालच लिहिला होता.

आता त्या काळ्या टाकीचं कोडं सुटलंच असेल! काळ्या प्लास्टिकमधून उजेड आत शिरत नाही. तीच टाकी दुधी प्लास्टिकची असती तर भिंतीतून मंद उजेड आत झिरपला असता आणि आठ-पंधरा दिवसांत आतून हिरवी झाली असती. पाणी तापलं तर तापलं, पण हिरवं नको, असा हा सौदा आहे. शिवाय काळ्या रंगात जी काजळी मिसळलेली असते ती प्लास्टिकलाही उन्हाने फुटू देत नाही. आणि हल्ली पांढऱ्या टाक्या मिळतात त्यांचं काय? कुणी प्लंबरकाका टाकीला भोक पाडत असतील तेव्हा त्याची कड बघा. बऱ्याच पांढऱ्या टाक्यांच्या भिंतीत एक काळा थर लपवलेला असतो.

एक तलाव मात्र अजून उघडा आहे. वाळकेश्वरचा बाणगंगा. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी गोड्या पाण्याचा झरा. श्रीरामाने बाण मारून तो काढला अशी कथा आहे. शिलाहारांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभू नावाच्या प्रधानाने ११२७ साली इथे तलाव बांधला, असं सांगतात. इथे उजेडाला अडवायचा प्रश्नच नाही. देवळांच्या मधोमध उघडं आभाळ घेऊन तो बसलेला आहे. म्हणजे आता हातात काय उरलं? खत! पितृपक्षात पिंड, भात, पीठ, फुलं असं खूप काही पाण्यात पडतं. ते कुजतं. कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. शेवाळ दिवसा प्राणवायू बनवतं खरं, पण रात्री तेही सगळ्यांसारखं तो ओढूनच घेतं. सर्वपित्री अमावास्येनंतर बाणगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या अनेक वर्षं येत आल्या आहेत. मासे मरतात ते गुदमरून. त्या कुजलेल्या अन्नातून जे नत्र आणि स्फुरद सुटतं, ते शेवाळाला आयतं खत.

खिडकीतल्या बागेत पिंड नसतात, पण १९:१९:१९ असतं. पाण्यात विरघळणारं खत, ज्यात नत्र, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी १९ टक्के. घरच्या बागेत हमखास होणारी गोष्ट म्हणजे चमचा सढळ पडतो. रोपाला पाच घास हवे असताना आपण पंगत वाढतो आणि उरलेल्या पानांवर शेवाळ येऊन बसतं. पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं द्या. ढगाळ पावसाळी दिवसांत त्याहूनही कमी, कारण उजेड कमी असला की रोप सावकाश वाढतं, त्याला लागतंच थोडं.

आता ट्रेमधल्या मातीकडे वळू. मातीवरचा हिरवा थर दिसतो निरुपद्रवी, आणि मोठ्या कुंडीत तो असला तर रोप मरत-बिरत नाही. पण बीजांकुरांच्या ट्रेमध्ये त्याची कवची होते. पाणी वरून ओघळून जातं, आत मुरत नाही, कोवळ्या कोंबाला ती फोडून वर येता येत नाही. त्यावर चिलटांसारख्या बारीक माश्या जमतात, त्यांच्या अळ्या शेवाळ खातात. म्हणून मातीचा वरचा थर कोरडा राहू दे. कसा? पाणी खालून द्या! ट्रे पसरट भांड्यातल्या पाण्यात ठेवा, माती खालून पाणी ओढून घेते, वरचा थर ओला व्हायला लागला की ट्रे उचला आणि भांडं रिकामं करा. वर विटांचा चुरा किंवा जाड रेती बोटाच्या पेराएवढी पसरा. ती चटकन वाळते आणि खालच्या ओल्या मातीला उजेड दिसू देत नाही. पाणी द्यायचं ते सकाळी, म्हणजे दुपारपर्यंत वरचा भाग सुकतो. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर तसंच राहतं आणि सूर्य उगवतो तो ओल्या मातीवरच. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवू नका. मधून वारा फिरू दे. जाळीवरचा पारदर्शक पत्रा पावसाळ्यात महिन्यातून एकदा आतून पुसा, नाहीतर त्याच्यावरच हिरवा थर चढतो आणि खाली रोपांना उजेडच कमी पडतो.

नियम आहे म्हटल्यावर तो मोडणारं कुणीतरी हवंच. ते आपलं ऑर्किड. झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या ऑर्किडची मुळं उघड्यावर लोंबतात, त्यांच्यातही हिरवं रंगद्रव्य असतं आणि ती उजेडही पकडतात. म्हणून बाजारात काही ऑर्किड पारदर्शक कुंडीत मिळतात. उजेड आहे, ओल आहे, मग त्या कुंडीत शेवाळ येणारच. तिथे अंधार करता येत नाही. तिथे दोन पाण्यांच्या मधे मुळं नीट सुकू द्यायची.

औषधाचं काय, असं तुम्ही विचारालच. आहे. मोरचूद. निळे सुंदर खडे, तांब्याचं संयुग. १९०४ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या मूर आणि केलरमन या दोघांनी दाखवून दिलं, की पाण्यात मोरचूद अगदी किंचित असलं तरी तलावातलं शेवाळ मरतं. कोकणातले सुपारीवाले आणि नाशिकचे द्राक्षवाले चुना आणि मोरचूद मिसळून बोर्डो मिश्रण फवारतात, ते बुरशीवर. पण मोरचूद विषारी आहे, मासे तर त्याने पटकन मरतात. खिडकीतल्या चार कुंड्यांसाठी ते घरात आणायचं मला मुळीच पटत नाही. जिन्यातली ब्लीचिंग पावडरही जिन्यातच राहू दे. रोपाच्या मुळांना ती जाळते. काळा कागद आणि विटांचा चुरा यांनी काम होत असताना विष कशाला?

शिवाय सगळं शेवाळ मारून टाकायचं असं कुणी म्हटलं तर मी तुमच्या नाही, शेवाळाच्या बाजूने भांडेन. पृथ्वीच्या हवेत सुरुवातीला भरपूर प्राणवायू नव्हता; सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो साठायला लागला तो नील-हरित शेवाळांमुळे. आजही जगात तयार होणाऱ्या प्राणवायूतला साधारण निम्मा समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींकडून येतो. चायना ग्रासची खीर खाल्ली असेल तर लाल समुद्री शेवाळ तुमच्या पोटात जाऊन आलेलं आहे. आणि शेवाळासाठी आयुष्य देणारी माणसं आपल्या मुंबईतच होती. एला गोन्साल्विस यांनी जोशी नावाच्या सहकाऱ्याबरोबर वांद्र्याच्या एका तळ्यात कोणत्या ऋतूत कोणतं शेवाळ येतं आणि कोणतं जातं याचा अभ्यास केला आणि तो १९४६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापला. वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांत जे शेवाळ तग धरून राहतं, त्यावरही बाईंनी लिहिलं. पुढे इडोगोनियम आणि त्याच्या भाईबंदांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९८१ साली निघाला. तुम्ही तीन बाटल्यांसमोर वही घेऊन बसलात, की तुमचं काम त्याच जातीचं.

शेवाळ बघायला तळ्याकाठी जायलाच हवं असंही नाही. एप्रिल-मे महिन्यात लालबागच्या मिरची गल्लीत शिंकत शिंकत कधी गेला आहात का? वर्षाचा मसाला कुटून घ्यायला सगळी मुंबई तिथे लोटते. मिरच्या, धणे, खसखस, आणि त्यात थोडं राखाडी, कागदाच्या चिंध्यांसारखं काहीतरी. ते दगडफूल. फूल नाहीच ते. एक बुरशी आणि तिच्या पोटात राहणारं शेवाळ, अशी ती जोडी आहे. बुरशी घर देते, ओल धरून ठेवते. शेवाळ उजेडात अन्न तयार करून दोघांचं भागवतं. मालवणी मसाल्याच्या रश्शातून तुम्ही आजवर किती शेवाळ खाल्लंय, विचार करा!

घरात दगडफूल असेल तर आईला विचारून एक तुकडा घ्या. ताटलीत ठेवून वर पाण्याचे दोन-चार थेंब टाका आणि पाच मिनिटं थांबून भिंगातून बघा. बुरशीची वरची साल भिजली की पारदर्शक होते आणि राखाडी तुकडा बहुतेक वेळा हिरवट दिसायला लागतो. खालचं शेवाळ दिसतं ते. फार जुनं असेल तर रंग फिका पडलेला असेल, मग दुसरा तुकडा मागा. फक्त एक करा, भिजवलेला तुकडा परत मसाल्याच्या डब्यात टाकू नका. डब्याला बुरशी लागली, तर तिच्यावरचा लेख तुम्हालाच लिहावा लागेल, आणि तोही स्वयंपाकघरातून ऐकू येणाऱ्या आवाजात.